बासष्टाव्या वर्षी बॅडमिंटन : ‘जपून खेळा’ म्हणजे नेमकं काय?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी,

माझं वय ६२. कॉलेजपासून बॅडमिंटन खेळतोय. बँकेच्या नोकरीत बदली झाली की नव्या गावात मी आधी हॉल शोधायचो, मग घर. आता निवृत्त आहे. सोमवार ते शनिवार सकाळी सहा ते साडेसात डबल्स खेळतो. गटात माझ्याहून मोठे दोघं, बाकी चाळिशी-पन्नाशीतले. शनिवारी कॉलेजची मुलं येतात, त्यांच्याशी एक तरी गेम झाल्याशिवाय माझा पाय हॉलमधून निघत नाही.

मध्यंतरी आमच्याकडे एक प्रकार घडला. माझा नेहमीचा पार्टनर, वय ५८, ड्रॉप (नेटलगत हळूच टाकलेला फटका) उचलायला नेटकडे झेपावला आणि तिथेच थबकून मागे वळून बघायला लागला. "पायावर कोणी मारलं?" मागे कोणीच नव्हतं. टाचेमागची अकिलीज टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारी दोरीसारखी शीर) तुटली होती. ऑपरेशन झालं, आता पाय त्या मोठ्या बुटात आहे. आम्ही सगळे हादरलो.

तेव्हापासून घरी रोज विषय निघतो. बायको म्हणते, आता पुरे, गोदापार्कला फिरायला चला. मुलगा पुण्याहून फोन करून पोहण्याचे फायदे सांगतो. दोघांची काळजी खरी आहे, मी वाद घालत नाही. पण खेळ सोडायचा विचार केला की रात्री झोप लागत नाही, हेही तितकंच खरं.

माझी परिस्थिती अशी : रक्तदाबाची गोळी चालू आहे. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) झाली, ती ठीक आली. गुडघे बरे आहेत. डावी टाच मात्र सकाळी उठल्यावर मागून आखडलेली असते, बाथरूमपर्यंत जाईतो मोकळी होते. खेळताना दुखत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, खेळा, पण जपून. जपून म्हणजे काय, हे विचारलं तर म्हणाले, झेपेल तेवढं. झेपतं तर सगळंच, निदान त्या दीड तासात तरी.

साठीनंतर खेळणाऱ्यांनी सांगावं. दिवस कमी करायचे का? डबल्स चालतं का? मुलांशी खेळणं बंद करायचं का? आणि हे किती वर्षं चालू शकतं?

---

मनगट (पुणे)

गोदाकाठ, तुमचा प्रश्न वाचला आणि सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. मी ६९ वर्षांची. शाळेत गणित शिकवायचे, खेळले विद्यापीठापर्यंत. मुलं लहान असताना बरीच वर्षं रॅकेट माळ्यावर होती, चाळिशीत पुन्हा काढली. आता आठवड्यातून चार सकाळी खेळते, बहुतेक वेळा कोर्टवर तीन पुरुष आणि मी.

तुमच्या डॉक्टरांचं ‘जपून’ बहुतेक लोक ‘हळू’ असं समजतात. तसं खेळू नका. अर्धवट मनाने खेळणारा माणूस उशिरा निघतो, मग शेवटच्या क्षणी हात लांबवतो, पाय मागे राहतो आणि कंबर किंवा पोटरी धरते. कोर्टवर उतरलात की पूर्ण खेळा. जपायचं ते कोर्टच्या बाहेर, आधी आणि नंतर.

तिशीत आपण खेळायचो म्हणून आपली तब्येत चांगली असायची. साठीनंतर हे उलटं होतं. आता खेळायचं तर तब्येत आधी कमवावी लागते, आणि ती खेळातून मिळत नाही. वयाबरोबर स्नायू कमी होतात, आणि त्यातही झटक्यात आकुंचन पावणारे वेगवान धागे जास्त जातात. बॅडमिंटन नेमकं त्यांच्याच जिवावर चालतं. नेटवर झेप, लगेच मागे, लगेच बाजूला. ही ताकद नुसत्या खेळाने टिकत नाही, तिच्यासाठी वजन उचलावं लागतं. पुण्यात असो की नाशकात, आपल्या वयाचे किती खेळाडू आठवड्यातून दोनदा पायांचा व्यायाम करतात? आमच्या हॉलमध्ये मी आणि आणखी एक जण.

म्हणून पहिली गोष्ट, सहा दिवस नको. चार करा, तेही एकाआड एक जमेल तितके. स्नायू दोन दिवसांत सावरतो, टेंडनला जास्त वेळ लागतो आणि ती तक्रारही उशिरा करते. मधल्या दिवशी घरी : खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन. भिंतीला धरून चवड्यांवर उभं राहणं, आधी दोन्ही पायांवर, मग एका. दात घासताना एका पायावर उभं राहणं. अर्ध्या तासाच्या वर काही नाही. मला याचा मनापासून कंटाळा होता. पण सहा महिन्यांनी ड्रॉप उचलून परत मधोमध येताना पाय पूर्वीसारखा ढकलतोय हे लक्षात आलं, आणि कंटाळा संपला.

दुसरी गोष्ट वॉर्मअप. आपल्याकडे काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. स्कूटर लावली, स्वेटर काढला, दोन टॉस (उंच, मागे जाणारे फटके) मारले की लव्ह-ऑल, म्हणजे गेम सुरू. नाशिकला थंडीत सकाळी पारा दहाच्या खाली जातो, अशा वेळी गार पोटऱ्यांवर पहिलाच स्मॅश मारणं म्हणजे संकटाला बोलावणं. माझं असं असतं : हॉलला दोन-तीन चकरा भरभर चालून. मग टाचांवर चालणं, चवड्यांवर चालणं. बाजूच्या रेषेवरून आडवी पावलं, दोन्ही दिशांना. दोरीशिवाय दोरीच्या उड्या, अगदी छोट्या. त्यानंतर रिकाम्या हाताने नेटच्या दोन्ही कोपऱ्यांत पाय टाकून परत, टाच आधी टेकवून, गुडघा पंजाच्या पुढे न जाऊ देता. घाम यायला लागला की रॅकेट हातात. आधी ड्रिबल (नेटजवळचे हलके फटके), मग ड्रॉप, मग टॉस, स्मॅश सगळ्यात शेवटी. पंधरा मिनिटं लागतात. पहिले काही दिवस माझ्याकडे लोक बघत राहायचे. आता दोघं-तिघं सोबत करतात.

२०१७ साली वर्ल्ड सीनियर चॅम्पियनशिप कोचीला झाली, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. पस्तिशीपासून दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो, सत्तरीच्या पुढेही असतो. मी सामन्यांपेक्षा या मंडळींची तयारीच जास्त बघितली. सत्तरीचे खेळाडू कोर्ट मिळायच्या कितीतरी आधीपासून कोपऱ्यात हलत असायचे, आणि सामना संपल्यावर लगेच खुर्चीत बसायचे नाहीत, चालत राहायचे.

आता खेळाबद्दल, कारण खरी मजा इथे आहे. वय पाय घेतं, पण नजर आणि मनगट ठेवून जातं. समोरच्याचा खांदा उघडला की फूल (शटल) कुठे येणार हे मला आता विशीपेक्षा लवकर कळतं, म्हणून मी लवकर निघते. नंदू नाटेकर सांगलीचे, १९५६ साली मलायात (आजच्या मलेशियात) सेलांगोर स्पर्धा जिंकणारे, १९६१ च्या पहिल्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यांचा खेळ ज्यांनी पाहिला ते आजही त्यांच्या ताकदीबद्दल बोलत नाहीत, नेटजवळच्या नाजूक फटक्यांबद्दल बोलतात. तो खेळ साठीत शिकता येतो. स्मॅशचा जोर आता वाढणार नाही, पण शॉर्ट सर्व्हिस नेटच्या वरच्या पट्टीला घासून पडायला लागली तर समोरच्या तिशीच्या मुलालाही फूल उचलूनच द्यावं लागतं. मी रोज शेवटची दहा मिनिटं एकटी सर्व्हिस करते.

एक फटका मात्र सोडलाय : डोक्यावरून मागे जाणारं फूल, उलट्या पावलांनी धावत जाऊन मारणं. आमच्या हॉलमध्ये पडलेली बहुतेक ज्येष्ठ मंडळी याच फटक्यावर पडली. मनगट मोडतं, डोकं आपटतं. मागे जायचंच तर आधी कंबर वळवा, आडवे व्हा, मग सरका. वेळ नसेल तर ‘तुझी!’ म्हणून ओरडा आणि पार्टनरला द्या. त्यालाही नाही मिळालं तर पॉइंट गेला. जाऊ द्या.

डोळे. तुम्हाला प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर खेळताना तो नको. त्याचा खालचा भाग जवळचं वाचायला केलेला असतो, त्यातून पायाजवळचं फूल आणि रेषा धूसर दिसतात आणि पाऊल चुकतं. फक्त लांबच्या नंबरचा, पॉलिकार्बोनेट काचांचा वेगळा चष्मा करून घ्या. आणि पुढे उभे असताना पार्टनरचा स्मॅश बघायला मागे वळू नका, डबल्समध्ये डोळ्याला फूल लागतं ते असंच.

मुलांशी खेळणं बंद करू नका. फक्त तो गेम तुमचा दुसरा किंवा तिसरा असू द्या. पहिला नको, कारण अंग तयार नसतं. शेवटचाही नको, कारण पाय दमलेले असतात आणि मन मात्र ऐकत नसतं. ११ पॉइंटला नियमाप्रमाणे साठ सेकंदांचं मध्यंतर असतं, ते रोजच्या खेळात कोणीच घेत नाही. तुम्ही घ्या. दोन घोट पाणी प्या. मुलं थांबतात, काही म्हणत नाहीत.

किती वर्षं? मला माहीत असलेलं या मातीतलं उदाहरण क्रिकेटचं आहे. प्रा. दि. ब. देवधरांनी १९४४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, नवानगरविरुद्ध रणजी सामन्याच्या दोन्ही डावांत शतकं केली, आणि पुढे वयाची शंभरी ओलांडली. त्यांच्याच मुली तारा, सुंदर आणि सुमन चाळीसच्या दशकात बॅडमिंटनमध्ये देशात अव्वल होत्या. माझ्या आईच्या पिढीच्या त्या नायिका. त्यांचं नाव घेत मी लहानपणी अंगणात दोरी बांधून खेळले, म्हणून इथे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

टाचेबद्दल मात्र मी बोलणार नाही. इथे जाणकार आहेत, ते सांगतील.

---

सांधेजोड (ठाणे)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मनगटताईंचा प्रतिसाद माझ्या पेशंटना वाचायला द्यावा असा आहे. टाचेपुरतं मी लिहितो. पण काका, न तपासता दिलेला सल्ला अर्धाच असतो. एकदा प्रत्यक्ष दाखवा.

सकाळी आखडणं आणि चालल्यावर मोकळं होणं, हे बहुतेकदा टेंडन थकल्याचं लक्षण असतं. यावर पूर्ण विश्रांती हा उपाय नाही. विश्रांतीने दुखणं थांबतं आणि टेंडन आणखी अशक्त होते, मग परत खेळायला गेलं की तेच. तिला हळूहळू वजन पेलायला शिकवावं लागतं. स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही आम्ही देतो : पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी वर, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश खाली. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन सेट, किंचित वाकवून १५ चे तीन, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सुरुवातीला अर्ध्यावर करा. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळचा आखडलेपणा वाढला तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. एक महत्त्वाचा फरक : दुखणं टाचेच्या हाडापाशी, अगदी खाली असेल, तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, जमिनीवरच करा. दोन-तीन बोटं वर, मधल्या भागात असेल तर पायरी चालते. बोटांनी चिमटीत धरून बघा, कुठे दुखतं ते कळेल.

आता एक अशी गोष्ट जी खेळाडूंना फारसं कोणी सांगत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स घेतल्यावर अकिलीज टेंडन दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका वाढतो. साठीच्या पुढे जास्त, आणि सोबत स्टिरॉइड असेल तर आणखी जास्त. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गावर ही औषधं सर्रास दिली जातात. डॉक्टरांना आधीच सांगा की मी बॅडमिंटन खेळतो, पर्याय असेल तर द्या. घ्यावीच लागली तर कोर्स चालू असताना खेळू नका, आणि नंतर पुन्हा कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. धोका कोर्स संपल्यावरही काही महिने राहू शकतो.

रक्तदाबाची गोळी कोणती ते बघा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी असेल तर ती हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही. मग २२० वजा वय हे मनगटी घड्याळातलं गणित तुमच्यासाठी निरुपयोगी. घड्याळ ‘अजून बराच वाव आहे’ म्हणेल आणि अंग दमलेलं असेल. त्यापेक्षा रॅली संपल्यावर एक पूर्ण वाक्य बोलून बघा. अर्धा मिनिट थांबूनही वाक्य तुटत असेल तर पुढची सर्व्हिस लांबवा.

खेळताना छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, चक्कर, किंवा नेहमीपेक्षा वेगळा धाप लागण्याचा प्रकार झाला तर गेम तिथेच थांबवायचा. ‘हा पॉइंट संपवून’ नाही. गटातल्या दोघा-तिघांनी सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) शिकून ठेवावं, एका सकाळचं काम आहे.

आणि तुमच्या पार्टनरसारखं पुन्हा कोणाला झालं, म्हणजे मागून फटका बसल्यासारखं वाटलं, तर लचक समजून मालीश करायची नाही. त्याला पालथं झोपवा, पाय कडेच्या बाहेर राहू द्या आणि पोटरी हळूच दाबा. पंजा हलला नाही तर टेंडन गेली असं धरून थेट अस्थिरोगतज्ज्ञ. यात आठवडे वाया गेले की दुरुस्ती अवघड होते.

---

संत्रानगरी (नागपूर)

माझं मत जरा वेगळं आहे, म्हणून लिहितो.

मी ६६. त्रेसष्टाव्या वर्षी बॅडमिंटन थांबवलं. उजव्या गुडघ्याची झीज होती. वर सांगितलेलं बहुतेक सगळं मी केलं होतं, व्यायामही केला, तरी खेळून आल्यावर संध्याकाळी गुडघा सुजायचा आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. आमचा हॉल पत्र्याचा. नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, आत सकाळी सातलाच जीव नकोसा व्हायचा. मी टेबल टेनिसकडे वळलो. हात तोच, नजर तीच, फिरकीची गंमत वेगळी. गुडघा शांत आहे. सुरुवातीला वर्षभर बॅडमिंटन हॉलवरून जाताना पोटात कालवायचं, आता नाही कालवत.

दुसरं म्हणजे व्हॉट्सअॅपवर फिरणारी ती कोपनहेगनची आकडेवारी. तुमच्यापर्यंतही आली असेल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास, साडेआठ हजारांवर लोक, पंचवीस वर्षांपर्यंतचा पाठपुरावा. बसून राहणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणारे ९.७ वर्षं जास्त जगले, बॅडमिंटनवाले ६.२, पोहणारे ३.४, जॉगिंगवाले ३.२. आकडे खरे आहेत. पण खेळामुळे आयुष्य वाढलं, असं त्यावरून सिद्ध होत नाही, हे त्या संशोधकांनीही म्हटलंय. जे मुळातच धडधाकट आणि बऱ्या परिस्थितीतले, तेच टेनिस खेळत राहतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या ८० हजार लोकांच्या २०१६ च्या अभ्यासातही रॅकेटच्या खेळांचा आकडा सगळ्यात चांगला होता, पण तोही निरीक्षणाचाच.

मी जमाखर्च बघणारा माणूस (आयुष्यभर ऑडिट केलं), म्हणून सांगतो : वर्षं वाढतील म्हणून दुखऱ्या सांध्यावर खेळत राहू नका. खेळायचं ते आवडतं म्हणून. आणि जे दोन आकडे सगळ्यात मोठे आहेत, ते दोन्ही खेळ एकट्याने खेळता येत नाहीत. समोर माणूस लागतो. मला वाटतं बरचसं उत्तर त्यात असावं. टेबल टेनिसलाही समोर माणूस लागतोच.

---

परदेशी_माहेरवाशीण (मिल्टन कीन्स, इंग्लंड)

योगायोग बघा, मी राहते त्या गावात इंग्लंडचं राष्ट्रीय बॅडमिंटन केंद्र आहे. माझे बाबा सांगलीचे, ७४ वर्षांचे. दर उन्हाळ्यात तीन महिने इकडे येतात तेव्हा कपड्यांच्या आधी बॅगेत शूज टाकतात.

इथल्या एका साध्या क्रीडा-हॉलमध्ये निवृत्त लोकांचा गट दुपारी खेळतो, तिथे मी त्यांना घेऊन गेले. त्यांची पद्धत गोदाकाठ यांच्या गटाला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. दाराशी एक लाकडी फळी असते, तिच्यावर भोकं. प्रत्येकाच्या नावाची एक खुंटी. आलात की आपली खुंटी रांगेत शेवटी लावायची. कोर्ट रिकामं झालं की रांगेतला पहिला माणूस पुढच्या काही खुंट्यांतून तिघं निवडतो आणि चौघं खेळायला जातात. गेम संपला की चौघांच्याही खुंट्या पुन्हा शेवटी. म्हणजे जिंकलेला असो की हरलेला, प्रत्येकाला बसावंच लागतं. सांगलीला बाबा जिंकले की कोर्ट सोडायचे नाहीत आणि ओळीने चार गेम खेळायचे, मग दोन दिवस कंबर धरून बसायचे. इथे ते तीन महिने न दुखता खेळतात, आणि बसलेल्या वेळात गप्पा होतात. बाबांचं इंग्रजी जेमतेम. पण ‘वेल लेफ्ट’ आणि ‘सॉरी, पार्टनर’ एवढ्यावर त्यांनी सगळ्यांशी मैत्री केलीय. आई गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांना घराबाहेर काढणारी हीच एक गोष्ट होती. म्हणून, गोदाकाठ काका, मुलाच्या जागी मी असते तर तुम्हाला थांबा म्हटलं नसतं. चष्म्याचे आणि शूजचे पैसे दिले असते.

---

गोदाकाठ (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. नागपूरकरांचा तिला सगळ्यात पटला, आणि त्यांनी खोटी आशा दाखवली नाही म्हणून बाकीचेही पटले. मुलाला इंग्लंडच्या ताईंचा परिच्छेद पाठवलाय.

ठरवलं ते असं : सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार खेळायचं. टाच चिमटीत धरून बघितली. दुखणं वरच्या बाजूला आहे, हाडापाशी नाही. तरी इथल्या फिजिओंना दाखवून मगच पायरीचा व्यायाम सुरू करणार आहे. गोळी पाहिली, मेटोप्रोलॉलच निघाली, म्हणजे घड्याळावर माझा उगाच विश्वास होता. खुंट्यांच्या फळीची कल्पना गटात मांडली. एका सुतारकाम येणाऱ्या सभासदाने लगेच माप विचारलं.

मनगटताई, दोन शंका. आमच्या हॉलमध्ये दोन कोर्ट सिमेंटची आहेत, एकावर मॅट आहे. मॅटसाठी नेहमी भांडाभांडी असते. सिमेंटवर खेळूच नये का? आणि माझा पार्टनर फार खचलाय. फोनवर म्हणतो, माझं संपलं. त्याला काय सांगू?

---

मनगट (पुणे)

सिमेंटवर शक्य तितकं टाळा. वयाने मोठ्यांना मॅट आधी, असा सरळ ठराव गटात करून घ्या. भांडण्यापेक्षा बरं. मुलांना सिमेंट चालतं, निदान अजून काही वर्षं. आणि शूजचा सोल बघा. वरून नवे दिसणारे शूज दोन वर्षांनी आतून दगड होतात. अंगठ्याने दाबून सोल दबत नसेल तर बदला, कितीही महाग घेतलेले असोत.

पार्टनरला काही सांगू नका, त्याला हॉलवर घेऊन या. गाडीने आणा, गाडीने सोडा. खुर्ची टाकून बसवा आणि स्कोअर त्याच्याकडे द्या. अकिलीजच्या ऑपरेशननंतर परत खेळायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं, आणि त्याच्या वयात लोक परततात. मी परतलेले बघितलेत. पण या काळात जो घरी बसतो त्याचा पाय भरून आला तरी तो येत नाही, कारण गट पुढे गेलेला असतो, त्याच्या जागी दुसरा पार्टनर बसलेला असतो. तुम्ही त्याची जागा कायमची कोणाला देऊ नका, रोज वेगळ्याबरोबर खेळा. डॉक्टरांनी वजन टाकायला परवानगी दिली की पहिले काही आठवडे नेटजवळ उभं राहून नुसती सर्व्हिस करू दे. त्याला पाय लागत नाही, आणि तुमच्या दोघांची सर्व्हिस सुधारेल.

गटिंग (रॅकेटच्या तारांचा ताण) किती पौंडांचं आहे तुमचं? २६-२७ असेल तर २२-२३ वर आणा, कोपराला आणि खांद्याला आराम पडेल आणि फूल कमी जोरातही मागच्या रेषेपर्यंत जाईल. पुढच्या वेळी रॅकेट देताना सांगा, आणि फरक जाणवला तर इथे लिहा.